फिरून आल्यावर ताप आला तर आधी तारखा लिहून काढा

थायलंड, बाली, श्रीलंका, मालदीव, व्हिएतनाम, मॉरिशस, केरळ, आफ्रिकेतली सफारी, कुठूनही फिरून आलात आणि पुढच्या काही दिवसांत ताप भरला तर गोळी शोधायच्या आधी मोबाईलच्या नोट्समध्ये तारखा लिहा. तिथे कधी पोचलात, तिथून कधी निघालात, मधे कुठे थांबून शहरात फिरलात का, आणि ताप नेमका कुठल्या दिवशी सुरू झाला. साधारण वेळही लिहा, सकाळी उठल्यावर की रात्री झोपताना.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला कुठलं औषध द्यायचं हे मी सांगणार नाही. पण रक्त द्यायला येणाऱ्यांना आम्ही विचारतो की ताप कधीपासून आहे, तर उत्तर येतं "झाले की तीन-चार दिवस", मग बायको म्हणते अहो नाही, रविवारीच कणकण होती, आणि तीन-चार दिवसांचे सहा दिवस होतात. तोवर आधीच केलेली एखादी टेस्ट निगेटिव्ह आलेली असते आणि घरच्यांनी डेंग्यू नाही असं ठरवूनही टाकलेलं असतं. आणि प्रवासाचं तर कुणी आपणहून सांगतच नाही, डॉक्टरांनी विचारलं तरच निघतं. डासांमुळे होणाऱ्या या सगळ्या तापांमध्ये दिवस मोजणं हे अर्धं निदान आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दिवस कसे मोजायचे

डास चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत मधे काही दिवस जातात. डेंग्यूमध्ये साधारण ४ ते १०, जास्तीत जास्त १४. चिकुनगुनियामध्ये बहुतेकदा ३ ते ७. झिकामध्ये ३ ते १४. यलो फीव्हरमध्ये ३ ते ६. जपानी मेंदूज्वरात ५ ते १५. तुम्हाला डास नेमका कधी चावला ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून तिथून निघाल्याची तारीख धरायची आणि तिथून पुढे मोजायचं.

म्हणजे समजा फुकेटहून १० तारखेला निघालात आणि १६ तारखेला ताप आला, तर डेंग्यूचा संशय एकदम पक्का धरायचा. पण ताप पुढच्या महिन्याच्या १ तारखेला आला, म्हणजे तीन आठवड्यांनी, तर तो फुकेटचा डेंग्यू किंवा चिकुनगुनिया असायची शक्यता जवळजवळ नाही. अशा वेळी लोक म्हणतात चला मग काही नाही, आणि इथेच फसतात. एक तर आपल्याकडे पुण्या-मुंबईत जुलै ते नोव्हेंबर डेंग्यूचे डास घरोघरी असतात, त्यामुळे इथल्याच डासाने गाठलं असेल. दुसरं म्हणजे मलेरिया. मलेरिया व्हायरस नाही, परजीवीमुळे होतो, पण याच यादीत त्याला सगळ्यात वर ठेवायला हवं कारण त्याचं वेळापत्रक वेगळं आहे. फाल्सीपॅरम हा मलेरियाचा जास्त घातक प्रकार सहसा चावल्यापासून आठवड्यानंतर ते महिन्याभरात येतो, कधी त्याहून उशिरा, आणि व्हायवॅक्स हा दुसरा प्रकार तर कित्येक महिन्यांनी उगवू शकतो. केनिया, टांझानिया, युगांडा, नायजेरिया असं कुठूनही आला असाल आणि ताप आला तर तो मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजायचा आणि त्याच दिवशी टेस्ट करायची, दुसऱ्या दिवशी नाही. मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या घेत होतात तरी. पहिली स्लाईड (काचेवर रक्ताचा थेंब घेऊन केलेली मलेरियाची तपासणी) निगेटिव्ह आली आणि ताप चालूच आहे तर १२ ते २४ तासांनी परत, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदा. फाल्सीपॅरम एक-दोन दिवसांत माणसाला आयसीयूत नेऊ शकतो आणि वेळेत औषध मिळालं तर पूर्ण बराही होतो, म्हणून एवढं ठासून सांगतेय.

उलटही होतं. ट्रिपच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ताप आला तर तो डास बहुतेक घरचाच, निघायच्या आधी चावलेला.

लक्षणं कशी ओळखायची

सुरुवातीचे दोन दिवस हे सगळे ताप एकमेकांसारखेच दिसतात, हे आधी मान्य करूया. नुसत्या लक्षणांवरून घरी बसून ठरवू नका. तरी पण काही खुणा आहेत ज्या डॉक्टरांना सांगितल्या तर त्यांना दिशा मिळते.

डेंग्यूमध्ये ताप एकदम चढतो, १०२-१०४ पर्यंत जातो, डोकं फुटतं, डोळ्यांच्या मागे ठणकतं आणि डोळे इकडेतिकडे फिरवले की जास्त दुखतं. अंग असं दुखतं की हाडं मोडल्यासारखी वाटतात. मळमळ, उलट्या, तोंडाची चव जाते. चेहरा लालसर दिसतो. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास अंगावर लाल पुरळ येऊ शकतं आणि बरं व्हायला लागल्यावर हातापायांवर लालभडक कातडीत मधेच पांढरे गोल ठिपके सोडलेले दिसतात, त्याला भयंकर खाज येते, ते बघून लोक घाबरतात पण ते सहसा बरं होत असल्याचं लक्षण असतं. सर्दी, वाहतं नाक, शिंका हे डेंग्यूमध्ये सहसा नसतं, त्यामुळे नाक गळत असेल तर फ्लू किंवा कोविडकडे जास्त बघायचं. पण विमानात दोन्ही सोबत मिळू शकतात हेही आहेच.

चिकुनगुनियाची ओळख सांध्यांवरून. ताप चढतो आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मनगटं, बोटांची पेरं, घोटे, पावलं दोन्ही बाजूंनी धरतात. सकाळी उठून टूथब्रश धरता येत नाही, पाय जमिनीवर टेकवताना ओरडायला होतं. डेंग्यूमध्ये स्नायू आणि पाठ जास्त दुखते, चिकुनगुनियात सांधा सुजतो आणि वाकत नाही, हा फरक डॉक्टरांना नीट सांगा. आपल्याकडच्या पेशंटमध्ये ताप गेल्यावर नाकावर आणि चेहऱ्यावर काळपट डाग येतात, तेही चिकुनगुनियात बऱ्यापैकी दिसतं आणि हळूहळू फिकं होतं. जीव जायचा धोका डेंग्यूपेक्षा कमी, पण सांधेदुखी काहींना महिनोन्महिने सोडत नाही. अगदी बाळंतपणाच्या सुमारास आईला झाला तर नवजात बाळाला गंभीर होऊ शकतो, म्हणून नववा महिना लागलेल्या बाईला ताप आला तर अजिबात थांबू नका. २०२५ मध्ये रियुनियन बेटावर चिकुनगुनियाची फार मोठी साथ होती, शेजारच्या मॉरिशसमध्येही पेशंट सापडले, आणि त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतातल्या फोशान शहरात हजारो लोकांना झाला. म्हणजे हनिमूनला मॉरिशस आणि मालाच्या खरेदीसाठी ग्वांगडोंग, या दोन्ही आपल्या लोकांच्या नेहमीच्या जागा झाल्या.

झिका सगळ्यात फसवा, कारण लागण झालेल्या दर पाचातल्या साधारण चौघांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांना हलका ताप, खाजणारं पुरळ, डोळे लाल पण चिकटा नाही, थोडे सांधे दुखतात, आठवड्याभरात बरं. मग एवढं कशाला घाबरायचं तर गरोदरपणासाठी. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, डोकं लहान राहतं, हे २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये जगाने पाहिलं आणि १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. आणि हे लांबचं राहिलेलं नाही, महाराष्ट्रातली पहिली नोंद जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरची, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात एरंडवण्यापासून सुरू होऊन शहरभर पेशंट सापडले, त्यात बऱ्याच गरोदर बायका होत्या. झिका शारीरिक संबंधांतूनही पसरतो. त्यामुळे झिका असलेल्या भागातून आल्यावर बाळाचा विचार असेल तर पुरुषाने ३ महिने आणि बाईने २ महिने थांबावं असा अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला आहे, तोवर कंडोम. बायको आधीच गरोदर असेल आणि नवरा अशा ठिकाणाहून आला असेल तर पूर्ण नऊ महिने, तिथून आल्यावर ताप आला असो नसो. गायनॅकला दोघांपैकी कोण कुठे गेलं होतं ते सांगा, यात लाजण्यासारखं काही नाही.

यलो फीव्हर आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत आहे, भारतात नाही. तो पसरवणारा डास आपल्याकडे मात्र आहे, म्हणूनच सरकार इतकं कडक वागतं. यलो फीव्हरच्या देशातून निघाल्यावर ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसेल तर क्वारंटाईन करतात, आणि ते ६ दिवस म्हणजे वर सांगितलेला ३ ते ६ दिवसांचाच हिशोब. कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ताप, पाठ दुखणं, उलट्या, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि काहींना परत ताप चढून कावीळ होते, रक्तस्राव होतो. लस घेतली असेल तर शक्यता फार कमी.

जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल हे रात्री चावणाऱ्या क्युलेक्स डासांचे. जपानी मेंदूज्वर भातशेती आणि डुकरं जिथे जवळ असतात तिथला, आग्नेय आशियाच्या खेड्यांतला, आपल्याकडे विदर्भातल्या काही जिल्ह्यांत मुलांना सरकारी लसही देतात. वेस्ट नाईलचे पेशंट केरळमध्ये अधूनमधून सापडतात आणि अमेरिकेत १९९९ पासून दर उन्हाळ्यात. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला ताप आहे आणि मान ताठ झालीय, बरळतोय, झटका आला, हात किंवा पाय लुळा पडला, उठवलं तरी नीट जागा होत नाही, त्याला कुठल्या डासाने चावलं हा विचार घरी करायचाच नाही, १०८ ला फोन करायचा किंवा गाडीत घालून थेट मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं.

कुठल्या दिवशी कुठली टेस्ट

हा माझ्या कामाचा भाग म्हणून जरा थांबून सांगते. ताप आला तो दिवस पहिला. दिवस एक ते पाच, डेंग्यूसाठी एनएस-वन अँटिजेन, म्हणजे डेंग्यूच्या व्हायरसचाच एक भाग रक्तात शोधणारी टेस्ट. पाचव्या दिवसाच्या पुढे एनएस-वन निगेटिव्ह येऊ शकते आणि तरी डेंग्यू असतोच, तेव्हा आयजीएम टेस्ट लागते, कारण आयजीएम ही शरीराने व्हायरसविरुद्ध आधी बनवलेली अँटीबॉडी साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते. मधल्या दिवसांत दोन्ही एकत्र करणं शहाणपणाचं. ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याची एनएस-वन तर पहिल्या काही दिवसांतही चुकू शकते. म्हणून दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आलेला रिपोर्ट हातात धरून निर्धास्त होऊ नका, डॉक्टर परत करायला सांगत असतील तर ते पैसे उकळतायत असं समजू नका.

आयजीजी (शरीरात वर्षानुवर्षे टिकणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेकदा जुनी लागण, आत्ताची नाही. हे बघून लोक घाबरून फोन करतात. पण ते डॉक्टरांना नक्की सांगा, कारण डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो गंभीर व्हायची शक्यता जास्त असते. आणखी एक, डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, यलो फीव्हर हे एकाच घराण्यातले व्हायरस असल्याने अँटीबॉडी टेस्टमध्ये एकमेकांत गल्लत होते, लस घेतली असेल तरी होते. यलो फीव्हरची लस नुकतीच घेतली असेल तर सॅम्पल देतानाच सांगा.

चिकुनगुनियासाठी पहिल्या आठवड्यात पीसीआर, म्हणजे व्हायरसचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट, त्यानंतर आयजीएम. झिकासाठी रक्त आणि लघवी दोन्हीचं पीसीआर, लघवीत तो जास्त दिवस सापडतो. झिकाची टेस्ट प्रत्येक खासगी लॅबमध्ये होत नाही, डॉक्टर किंवा महापालिकेचा आरोग्य विभाग सॅम्पल पुण्यातल्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्था) किंवा ठरवून दिलेल्या सरकारी लॅबला पाठवतात.

आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी. सगळे फक्त "पेशी किती आल्या", म्हणजे प्लेटलेट किती, एवढंच विचारतात. त्याच कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, तो कृपा करून बघा. डेंग्यूमध्ये माणूस मुख्यतः पेशी कमी झाल्याने दगावत नाही, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं, आणि वेळेत सलाईन नीट मोजून दिलं नाही तर अवयव बंद पडतात. रक्त घट्ट होतंय हे पीसीव्ही सांगतो. पहिल्या दिवशी ४० होता आणि चौथ्या दिवशी ४८ झाला, म्हणजे २० टक्के वाढला, सोबत पेशी घसरल्या, तर हॉस्पिटल गाठायची वेळ झालेली आहे. म्हणून पहिला सीबीसी तापाच्या सुरुवातीलाच करून ठेवा, तुलनेला लागतो. आणि रोजचा सीबीसी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, प्रत्येक मशीनचे आकडे थोडे इकडेतिकडे असतात.

ताप उतरला, आता खरी काळजी

हे वाक्य दोनदा वाचा. डेंग्यूमध्ये धोक्याचे २४ ते ४८ तास ताप उतरतो तेव्हा सुरू होतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधे कधीतरी. घरात सगळ्यांना हायसं वाटतं, ऑफिसला मेल जातो उद्या येतो म्हणून, आणि नेमकं तेव्हाच आत पाणी झिरपायला लागलेलं असतं. म्हणून तारखेच्या त्याच नोटमध्ये ताप कधी उतरला तेही लिहा आणि त्यानंतरचे दोन दिवस माणसाला एकटं सोडू नका. एकटे राहत असाल, पीजी किंवा फ्लॅटमध्ये, तर त्या दोन दिवसांसाठी कुणाला तरी बोलवा किंवा कुणाकडे तरी जा.

धोक्याच्या खुणा अशा. पोटात जोरात दुखणं आणि ते न थांबणं. दिवसात तीन-चारदा उलट्या, पाणीही टिकत नाही. नाकातून, हिरड्यांतून रक्त, काळी शी, पाळी नसताना किंवा पाळीत जास्त रक्त जाणं. धाप लागणं. हात-पाय गार पडणं आणि घाम. खूप सुस्त होणं किंवा उलट उगाच चिडचिड, अस्वस्थ होणं, लहान मुलांमध्ये तर हे फार महत्त्वाचं. सहा तासांत लघवी न होणं. उभं राहिलं की चक्कर. यातलं एकही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही.

घरी बीपी मशीन असेल तर वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर बघा. १०० आणि ८० आलं तर वाटतं चांगलंच आहे की, पण मधलं अंतर २० किंवा त्याहून कमी होणं हे डेंग्यूमध्ये शॉकचं लक्षण आहे. असं दिसलं तर परत एकदा मोजा आणि तसंच आलं तर लगेच हॉस्पिटल.

घरी काय घ्यायचं, काय अजिबात नाही

तापाला फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. ताप पूर्ण उतरला नाही म्हणून मधेच जास्तीची घेऊ नका, लिव्हरवर ताण येतो आणि डेंग्यूमध्ये लिव्हर आधीच त्रासलेलं असतं. मुलांना वजनावर, डॉक्टरांना विचारून. लिव्हरचा जुना त्रास असलेल्यांनीही विचारूनच.

मेडिकलवाल्याकडून कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन, मेफ्टाल, डिस्प्रिन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाईड यातलं काहीही आणू नका. यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिकुनगुनियाची सांधेदुखी या गोळ्यांनी कमी होते हे खरं, पण डेंग्यू नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच. आणि तो आपला आवडता प्रकार, ताप उतरवायला कमरेत एक इंजेक्शन मारून घेणं, तो डेंग्यूच्या संशयात करूच नका, पेशी कमी असताना स्नायूत रक्त साकळतं आणि त्या इंजेक्शनमध्ये बऱ्याचदा डायक्लोफिनॅकच असतं. घरातल्या ज्येष्ठांची हार्टसाठी इकोस्प्रिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका, त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा.

पाणी मात्र भरपूर. नुसतं पाणी नाही, ओआरएस, तांदळाची पेज मीठ घालून, ताक, शहाळं, वरणाचं पाणी, जे आवडेल ते थोडं थोडं सतत. लघवी दर चार-सहा तासांनी होतेय आणि फिकट आहे, म्हणजे पाणी पुरतंय. हार्ट किंवा किडनीच्या पेशंटने किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं.

पपईच्या पानाच्या रसाबद्दल लोक मला हमखास विचारतात. पेशी बहुतेकांच्या सातव्या-आठव्या दिवसापासून आपोआप वाढायला लागतात, आणि नेमका तेव्हाच रस सुरू केलेला असतो म्हणून श्रेय त्याला जातं. तो कडू रस पिऊन उलट्या झाल्या तर अंगातलं पाणी जातं आणि तेच आपल्याला नकोय. किवी, ड्रॅगनफ्रूट खायचं तर खा, पण त्यात पैसे घालून सीबीसी टाळू नका. तसंच पेशी ३०-४० हजार झाल्या की नातेवाईक प्लेटलेटची पिशवी शोधत रात्रभर फिरतात, व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवतात. रक्तस्राव नसेल तर १० हजारच्या खाली गेल्याशिवाय डॉक्टर सहसा प्लेटलेट चढवत नाहीत, त्यांच्यावर दबाव आणू नका.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

तुम्ही जर्मनीत, यूकेत, अमेरिकेत राहता आणि गणपतीला किंवा दिवाळीला पुण्याला, नाशिकला, कोकणात येऊन परत गेलात, तर तुम्हीही परतलेले प्रवासीच आहात. हे मनाला पटत नाही कारण आपण घरी गेलो होतो असं वाटतं. पहिले दोन-तीन दिवसांचा थकवा जेट लॅगवर ढकलला जातो. आणि तिथल्या डॉक्टरला ताप म्हटल्यावर आधी फ्लू सुचतो. म्हणून अपॉइंटमेंट घेताना फोनवरच सांगा की मी अमुक तारखेपर्यंत भारतात होतो, तिथे पावसाळा होता, डास चावलेत, मलेरिया आणि डेंग्यूची टेस्ट करायचीय. यूकेत १११ ला, जर्मनीत ११६११७ ला फोन करून विचारता येतं, आणि इमर्जन्सी वाटली तर थेट हॉस्पिटल. कोकणात पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून चालला असाल तर तेही सांगा, लेप्टोस्पायरोसिस अगदी डेंग्यूसारखाच सुरू होतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतात. बाहेरचं पाणी प्यायलं असेल तर टायफॉईड. लहानपण इथे गेलं म्हणून आपल्याला काही होत नाही हा समज काढून टाका, मलेरियाविरुद्ध मिळालेली थोडीफार ताकद बाहेर राहून जाते आणि लहानपणी नकळत झालेला डेंग्यू आता दुसऱ्या वेळचा धोका बनतो.

आजारी असताना डास चावू देऊ नका

हे कुणी सांगत नाही. तापाच्या पहिल्या आठवड्यात व्हायरस तुमच्या रक्तात असतो, घरातला एडिस डास (डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका पसरवणारा) तुम्हाला चावला की काही दिवसांनी तो घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ शकतो. २००७ मध्ये इटलीत कास्तिलियोने दी चेरव्हिया या छोट्या गावात भारतातून आलेल्या एका प्रवाशाच्या तापापासून चिकुनगुनिया सुरू झाला आणि २०० हून जास्त लोकांना झाला, युरोपात तोवर असं कधी झालं नव्हतं. त्या माणसाची काही चूक नव्हती, त्याला माहीतच नव्हतं. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, म्हणून दुपारी झोपतानाही मच्छरदाणी लावा, पूर्ण बाह्या घाला, ओडोमॉस लावा. कुलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचे टायर हे आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून कोरडं करा. महापालिका कोरडा दिवस पाळा म्हणते ते याचसाठी, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि भांड्याला चिकटलेली अंडी कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही, घासावंच लागतं. सोबत फिरायला गेलेल्या बाकीच्यांना मेसेज करा की मला डेंग्यू निघालाय, ताप आला तर लगेच टेस्ट करा. आणि पूर्ण बरं होईपर्यंत रक्तदान नको, नंतरही रक्तपेढीला आजार सांगूनच.

बरं झाल्यावर दोन-तीन आठवडे थकवा राहतो, महिन्या-दोन महिन्यांनी केस गळतात, ते परत येतात. चिकुनगुनियाची सांधेदुखी तीन महिन्यांच्या पुढे चालली तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा, नुसत्या पेनकिलरवर दिवस काढू नका. सगळे रिपोर्ट फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, डेंग्यू कुठल्या वर्षी झाला आणि कुठून आणला ते त्यावर लिहा, आणि पुढच्या वेळी ताप आल्यावर डॉक्टरांसमोर बसताना पहिलं वाक्य तेच असू द्या.